पाण्याच्या शोधात गेलेले मूळ

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या ईशान्य भागात, सपाट माथ्याच्या तीन पठारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी होपी या मूळ अमेरिकी लोकांची गावे आहेत. येथील कोरडवाहू शेतातला मका हिवाळी बर्फाची ओल आणि उन्हाळ्यातील गडगडाटी पाऊस यांच्या भरवशावर वाढतो. हा पाऊस आणणारे कात्सिना, ज्यांना बाहेरचे जग कचिना म्हणते, ते देव नव्हेत. ढग, वनस्पती, प्राणी आणि पूर्वज यांची ती आत्मरूपे असून माणसांचे गाऱ्हाणे तीच पुढे पोहोचवतात. फ्लॅगस्टाफ शहराजवळची सान फ्रान्सिस्को शिखरे हे त्यांचे घर, आणि हिवाळ्यापासून जुलैपर्यंत ते गावात वावरतात.

त्यांचे नृत्यविधी चित्रित करण्यास होपी गावांत मनाई आहे आणि ती पाळायलाच हवी. विधीतील मुखवट्यांना होपी ‘मित्र’ म्हणतात. २०१३ साली पॅरिसमध्ये त्यांचा विरोध डावलून या मित्रांचे लिलाव झाले. डिसेंबरच्या लिलावात अ‍ॅनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेने २४ वस्तू विकत घेतल्या, त्या केवळ परत करण्यासाठी, आणि त्यांतील २१ होपींच्या होत्या.

पडद्यावर दिसते आहे ती मात्र कात्सिनाची लाकडी आकृती, ‘तिहू’. कॉटनवूड या, पिंपळासारख्या सळसळत्या पानांच्या झाडाचे वाळलेले मूळ कोरून ती घडवतात. पाणी शोधत जमिनीत खोल गेलेले मूळच यासाठी निवडावे, यात मोठे औचित्य आहे. हातात घेतल्यास ते नवल वाटावे इतके हलके असते.

रंगांना दिशा आहेत: पिवळा वायव्येचा, निळा नैर्ऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. एकावर एक रचलेली अर्धवर्तुळे म्हणजे ढग, आणि त्यांखालच्या उभ्या रेघा म्हणजे पाऊस. ही काकमाता नावाची कात्सिना पाहा: निळ्या चेहऱ्यावर उलटा काळा त्रिकोण, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कावळ्याचे पंख, हातात कोंबांची टोपली. फेब्रुवारीच्या थंडीत, किवा म्हणजे विधींसाठीच्या भूमिगत खोल्या, त्यांच्या उबेत रुजवलेले कोंब ती गावात आणते.

तिहूला खेळण्यातली बाहुली समजणे चूक ठरेल. मुलींना ती कात्सिनांच्याच हातून मिळते. घरी ती भिंतीला किंवा तुळईला टांगतात, आणि रोज पाहता पाहता मुलगी तो चेहरा ओळखू लागते. जुलैमधील निमान विधीत, शिखरांकडे परतण्यापूर्वी, कात्सिना पहाटे हिरव्या मक्याची धाटे घेऊन येतात, आणि त्या धाटांनाच मुलींसाठीच्या तिहू बांधलेल्या असतात.