नलभै

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू. कुणाचे वडील यंत्रमागावर असतात, कुणाची आई विड्या वळते. आज शिकवण्याबद्दल बोलायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी मला माझीच एक चूक आठवली. तिथूनच सुरुवात करते.

भागाकार चालू होता. फळ्यावर मी लिहिलं, १००० भागिले २५. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. ती उभी राहिली, फळ्याकडे बघत राहिली, ओठ जरासे हलले. मी म्हटलं, "येत नाही ना? बस खाली," आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्या दिवशी माझ्या वहीत तिच्या नावापुढे शेरा पडला : भागाकार कच्चा.

आठवड्याभराने पालकभेटीला तिच्या घरी गेले. दारातच आई बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. आईशी बोलता बोलता मी सहज विचारलं, "एका जुडीत किती विड्या?" पंचवीस. "मग हजाराच्या जुड्या किती होतात?" आईने तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "नलभै." माझी विद्यार्थिनी चुलीपाशी भांडी लावत होती. तिने मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

नलभै म्हणजे तेलुगूत चाळीस. फळ्यासमोर तिचे ओठ हलले होते ते याच शब्दासाठी. उत्तर तिच्याजवळ होतं. ते मराठीत आणायला तिला जेवढा वेळ हवा होता, तेवढा मी दिला नाही.

मुलांनी शिकायचं सोडून विड्या वळाव्यात असं मी म्हणत नाही. त्या हातात वहीच हवी. पण घरात कानावर पडून पडून जे गणित मुलाला आलेलं असतं, ते शाळेच्या उंबरठ्याबाहेर चपलांसारखं काढून ठेवायला आपण लावतो, हे मला त्या दिवशी कळलं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळं, नारळ विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले, तर शंभरातली ९८ उत्तरं बरोबर आली. तशीच आकडेमोड नुसत्या आकड्यांत सोडवायला दिली, तर जेमतेम ३७. २०२५ साली आपल्याकडच्या कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दलही असंच आढळलं. तिथे उलटी बाजूही दिसली : शाळेच्या गणितात चांगली असलेली मुलं बाजारचा हिशेब करताना अडखळत होती. म्हणजे तोंडचं गणित आपोआप कागदावर उतरत नाही, आणि कागदावरचं आपोआप बाजारात जात नाही. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो, आणि माझ्या मते शिक्षकाचं खरं काम तेच आहे.

मी तो असा बांधला. काडेपेटीच्या काड्या आणल्या, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायला लावल्या. चार जुड्यांचे शंभर झाले. शंभर दहा वेळा घेतले की हजार. मग चार दाहे चाळीस. हे सगळं मुलांच्या बोलीत फळ्यावर लिहिलं आणि भागाकाराची खूण सर्वांत शेवटी मांडली. आधी मी खुणेपासून सुरुवात करायचे.

दुसरा बदल दिसायला फार छोटा आहे, पण मला जास्त जड गेला. थांबायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागल्यावर उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे किती? मी आता थांबते, तुम्ही ऐका.

(तीन सेकंद शांतता)

रेडिओवर एवढी शांतता झाली की बंद पडला की काय असं वाटतं. वर्गातही तसंच वाटतं. मुलं चुळबुळ करतात, पहिल्या बाकावरची नेहमीची पाच जणं हात वर करून "बाई, बाई" करतात, आणि आपली जीभ शिवशिवते. मी सहकारी बाईंना एक तास मागच्या बाकावर बसवलं आणि नुसतं मोजायला सांगितलं. सोळा प्रश्नांपैकी अकरांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. शिक्षक मित्रांनो, शिक्षण परिषदेत आपण बरंच ऐकतो, पण एकमेकांच्या वर्गात असं बसणं फार कमी होतं. ते करून बघा. त्याला काही खर्च नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांनी पुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडमुळे पाठ्यपुस्तक बोलू लागलं, गाऊ लागलं, आणि मूल हवं तितक्या वेळा तो धडा ऐकू शकतं. हे मोठंच काम आहे. मात्र मूल उलट काय म्हणालं, ते ऐकायला माणूस लागतो.

आईवडिलांनाही एक विनंती. "घरी मराठीतच बोल, नाहीतर शाळेत मागे पडशील," असं लेकराला सांगू नका. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा लवकर धरतं.

माझ्या वर्गाच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आता रोज एक आकडा चार भाषांत लिहिलेला असतो. पहिल्या दिवशी अर्थातच चाळीस होता : चाळीस, नलभै, नलवत्तु, चालीस. तो शब्द सांगायला तीच मुलगी पुढे आली होती. लिहून झाल्यावर कन्नड बोलणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, तिचं नलभै आणि आमचं नलवत्तु सारखंच लागतंय की! आणि तुमचं चाळीस उर्दूसारखं. असं का हो?"

मी खडू खाली ठेवला, आणि थांबले. मग वर्ग जो बोलू लागला, तो मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत.