पुणे, सात नंबर

[दृश्य : अंधार. पुणे रेसकोर्सजवळचा तबेला, एकच पिवळा दिवा. खराऱ्याचा खसखस आवाज.]

पहाटेचे साडेचार. जुलै संपत आलाय, रात्रभर भुरभुर चालू होती.

मोतद्दार घोड्याच्या पुढच्या पायावरून हात फिरवतोय. गुडघ्याखालून खुरापर्यंत, सावकाश. हे मालिश नव्हे. पाय कुठे गरम लागतोय का, ते तो चाचपतोय. नस दुखावली असेल तर ती ऊब डॉक्टरच्या आधी या तळव्याला कळते.

[दृश्य : घोड्याचा डोळा, अगदी जवळून.]

हा थरोब्रेड, शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा. वजन साडेचारशे-पाचशे किलोच्या घरात, आणि भरधाव पळताना एखाद्या क्षणी हा सगळा भार एकाच खुरावर येतो. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडची वंशावळ मागे नेली, तर ती तीन घोड्यांपाशी पोचते : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. शर्यतीच्या पुस्तिकेत आपल्या घोड्याचं भारदस्त इंग्रजी नाव आहे, आईबापाचं नाव आहे, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचंही आहे. तबेल्यात तो बाळ्या.

त्याला बाळ्या म्हणणाऱ्याचं नाव पुस्तिकेत नाही.

[दृश्य : दुपार. महालक्ष्मी, मुंबई. रिकामी धावपट्टी, ओलं गवत. कॅमेरा वळतो : स्टँडखाली माणसांची गर्दी, सगळ्यांच्या माना वर.]

धावपट्टी १८८३ सालची. आज तिच्यावर एकही घोडा नाही. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात घोडे पुण्याला जातात. शौकीन मात्र इथेच येतात, पडद्यांसमोर. एका पडद्यावर पुणे, दुसऱ्यावर हैदराबाद, तिसऱ्यावर बंगळूर. पुण्याची शर्यत संपली की कुणी उसासा टाकायच्या आत हैदराबादचे घोडे स्टॉलमध्ये, म्हणजे जिथून शर्यत सुटते त्या फाटकांच्या खणांत, शिरायला लागतात. एका रविवारात तीन गावं. कुठे ऊन, कुठे चिखल.

[दृश्य : पेन्सिलीने भरलेली पुस्तिका. चष्मा वर सरकवणारे एक आजोबा.]

घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं. आजोबांच्या समासातलं गणित पाहिलं की ते पटतं. निदान पहिल्या तीन शर्यतींपर्यंत.

[दृश्य : पुणे. वजनकाटा. खोगीर कवेत धरून काट्यावर बसलेला जॉकी.]

निकाल खरं तर इथे सुरू होतो. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन, कमकुवत घोड्याला कमी. प्रत्येक घोड्याला गुण असतात. जिंकला की वाढतात, हरत गेला की उतरतात, आणि त्यावरून पाठीवरचे किलो ठरतात. जॉकी खोगिरासकट काट्यावर बसतो. वजन कमी भरलं तर फरक शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढायचा. ही वजनं ठरवणारा तो हँडिकॅपर. त्याच्या मनातली आदर्श शर्यत म्हणजे सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर. तसं घडत नाही, म्हणून पैजेच्या खिडकीपुढे रांग असते.

आणि रांगेत भाषा वेगळी. विन म्हणजे पहिला. टनाला म्हणजे पहिले तिघे, तेही अचूक क्रमाने. जॅकपॉट म्हणजे एकापाठोपाठच्या शर्यतींचे सगळे विजेते. टोट म्हणजे सगळ्यांच्या पैजांचा एकत्र गल्ला. त्यात जमलेल्या पैशातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो, उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांत वाटले जातात. म्हणूनच सगळ्यांच्या लाडक्या घोड्यावर लावलं, तर जिंकूनही हातात फारसं काही येत नाही.

[दृश्य : पॅडॉक, शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवायचं रिंगण. सात नंबरचा घोडा गोल फिरतोय. लगाम धरून चालणारा मोतद्दार, इस्त्रीचा सदरा, पायात गमबूट.]

सात नंबर. पहाटेचाच हात, पहाटेचाच पाय.

[दृश्य : स्टॉल उघडतात. संपूर्ण शर्यत, १२०० मीटर, न तोडता. निवेदन नाही. फक्त टापा, समालोचकाचा चढत जाणारा आवाज आणि कुंपणाला धरून उभा असलेला मोतद्दार.]

[दृश्य : फोटो-फिनिशची काळी-पांढरी पट्टी.]

बाराशे मीटर, सव्वा मिनिटाच्या आत. फरक एका नाकाचा.

बोर्डावर आकडे चढले, तरी तिकीट फाडायचं नाही. जॉकीने परत काट्यावर बसायचं. निघतानाचं वजन भरलं, कुणी कुणाला आडवं आल्याची हरकत निघाली नाही, की मग ‘ऑल क्लीअर’. मालक लगाम धरून घोडा आत आणतात. फोटोत मालक, त्यांचं कुटुंब, ट्रेनर, जॉकी. मोतद्दार घोड्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. त्याचे गमबूट तेवढे पोटाखालून दिसतात.

[दृश्य : महालक्ष्मी. जमिनीवर तिकिटांचा पाचोळा. झाडू.]

पुण्यात चौथ्या शर्यतीतला एक घोडा अँब्युलन्समधून परत गेला. शर्यतीवरच्या पैजेला २०१७ साली २८ टक्के जीएसटी लागला, २०२५ च्या सप्टेंबरात तो ४० झाला. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी गेले.

[दृश्य : पडदे. बंगळूरचा निकाल, हैदराबादचा निकाल, आकडे सरकत जातात.]

सहानंतर तिन्ही गावांचे आकडे एकाखाली एक लागतात. घोडा, जॉकी, ट्रेनर, अंतर, वेळ, दहा रुपयांमागे मिळालेली रक्कम. दोन घोड्यांमधल्या अंतराची मापं घोड्याच्याच अंगावरची : नाक, डोकं, मान, लांबी.

[दृश्य : पुणे. संध्याकाळ. एक बंद खोली, पेंढा पसरलेला. सात नंबर, अंगावर वाफ.]

जिंकलेल्या घोड्याचा लघवीचा नमुना तपासणीला जातो, उत्तेजक द्रव्यं शोधायला. घोडा मात्र आपल्या सवडीने करतो. अर्धा तास झाला. बाहेर भांडं घेतलेला माणूस कंटाळलाय. पुढच्या शर्यतीचा भोंगा ऐकू येतो.

मोतद्दार घोड्याच्या कानाजवळ जाऊन शीळ घालायला लागतो. हळू, एकाच सुरात.

[शीळ चालू राहते. पडदा काळा.]