शिक्का दिल्लीचा, मुद्रांक महाराष्ट्राचा

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी माझे बाबा गेले. वडिलोपार्जित जमिनीला वारस म्हणून भावाचं आणि माझं नाव लावायचं होतं, आणि त्यासाठी दर वेळी इथून अमेरिकेहून जाणं मला शक्य नव्हतं. म्हणून भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं, आपल्या वकिलातीतून त्यावर सही-शिक्का घेतला आणि कुरियरने पाठवून दिलं. आठवड्याभराने भावाचा फोन आला. "ताई, शिक्का आहे, पण मुद्रांक कुठाय?"

मी म्हटलं, अरे, भारत सरकारचा शिक्का आहे की त्यावर! पण महाराष्ट्रात तेवढ्याने भागत नाही. परदेशात केलेला असा दस्त राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मला हे ठाऊक नव्हतं. भाऊ जागरूक म्हणून मुदतीत काम झालं. समोर बऱ्याच माना हलताना दिसतायत, म्हणजे हा अनुभव माझ्या एकटीचा नाही.

त्या कागदाने मला राज्यघटनेची सातवी अनुसूची, म्हणजे कोणता विषय केंद्राचा आणि कोणता राज्याचा हे सांगणाऱ्या तीन याद्या, पुन्हा वाचायला लावली. वकिलात हा केंद्राचा विषय, तो संघसूचीत. जमीन राज्यसूचीत. मुद्रांक शुल्काचेही दोन भाग: धनादेश, हुंडी, विमापत्र अशा ठरावीक कागदांचे दर केंद्र ठरवतं, बाकीच्यांचे राज्य. आणि मी बाबांची वारस कशी, हे सांगणारा कायदा समवर्ती सूचीतल्या विषयावरचा, जिथे दोघांनाही कायदा करता येतो. दोन कायद्यांत विरोध आला तर साधारणपणे संसदेचा चालतो. घटना लागू झाली तेव्हा संघसूचीत ९७ विषय होते, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७.

इथे अमेरिकेत राज्यं आधी होती आणि त्यांनी मिळून केंद्र घडवलं. म्हणून १७९१च्या दहाव्या घटनादुरुस्तीत लिहिलं गेलं, की केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील. आपल्याकडे उलट आहे, तिन्ही सूच्यांत नसलेलं सगळं केंद्राकडे जातं. एवढंच काय, राज्याची सीमाही संसद साध्या बहुमताने बदलू शकते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते मानलंच पाहिजे असं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी प्राण दिले, पण १ मे १९६० रोजी राज्य अस्तित्वात आलं ते संसदेने केलेल्या कायद्याने. घटना लिहिली जात होती तेव्हा फाळणीची जखम ओली होती, संस्थानं विलीन होत होती. केंद्र बळकट ठेवण्यामागची ती काळजी मला पटते. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं, की ही घटना काळाच्या गरजेप्रमाणे संघराज्याचीही राहील आणि एककेंद्रीही होऊ शकेल.

पण आज मला बोलायचंय ते राज्याच्या बाजूने, आणि त्याचं कारण त्याच वारसा कायद्यात सापडलं.

१९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा संसदेचा. त्यात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगा जन्मतः सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, मुलगी नाही. हे आधी बदललं ते राज्यांनी. आंध्र प्रदेशाने बदललं, तामिळनाडूने बदललं, आणि जून १९९४मध्ये महाराष्ट्राने. विषय समवर्ती असल्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला केंद्राच्या कायद्यातही आपल्यापुरता बदल करता येतो, तो दरवाजा या राज्यांनी वापरला. संसदेने तोच हक्क देशभरच्या मुलींना दिला तो सप्टेंबर २००५मध्ये, अकरा वर्षांनी. महाराष्ट्राच्या कायद्यात एक उणीव होती, तीही सांगते. तो लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्याने वगळलं होतं. माझं लग्न १९९३चं. म्हणजे माझ्या राज्याने वाट पाडली, पण मला त्या वाटेवर घेतलं दिल्लीने. म्हणूनच या दोघांत कोण चांगलं, असा वाद मी घालत नाही. माझं म्हणणं इतकंच, की कोणीतरी आधी करून बघायला लागतं, आणि एखादं राज्य ते संपूर्ण देशाआधी करू शकतं.

दुसरी गोष्ट तुमच्या जुन्या पगारपत्रकातली. पुण्या-मुंबईत नोकरी केलेल्यांनी आठवून बघा: व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. असे का? कारण घटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने या कराला माणशी वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे धरले की बरोबर तेवढे होतात. हा कर महाराष्ट्राने १९७५मध्ये बसवला तो रोजगार हमीसाठी. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या हाताला काम देणारी ती योजना, वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली. पुढे १९७७मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचं आणि गावातल्या मजुराला काम द्यायचं, हे महाराष्ट्राने स्वतःच्या सूचीतला कर वापरून केलं. देशाच्या पातळीवर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

आज असा नवा कर राज्य बसवू शकेल का? फार अवघड आहे, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. १ जुलै २०१७पासून राज्यांचे बरेच कर पोटात घेणारा जीएसटी, म्हणजे वस्तू आणि सेवा कर, आला. मुंबईच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा गेल्या, त्याचा मला आनंद आहे. दहिसरला ज्यांनी त्या पाहिल्यात ते त्या परत मागणार नाहीत. पण त्याचे दर सुचवणाऱ्या, केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेतली मतांची मांडणी बघा. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला हवं तीन चतुर्थांश. म्हणजे झाडून सारी राज्यं एक झाली तरी केंद्राला नको असलेला ठराव होत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये सांगितलं, पण एकटं राज्य वेगळं वागायला धजत नाही. शिवाय केंद्र जे उपकर आणि अधिभार लावतं ते राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला तो बाकीच्या करांतला.

विषयही सरकले आहेत. शिक्षण आणि वनं राज्यसूचीत होती, आणीबाणीत ४२व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत गेली. आणीबाणी उठून इतकी वर्षं झाली, तरी ती तिथेच आहेत. राज्याने आपल्या मुलांना काय आणि कसं शिकवावं यात राज्याचा शब्द शेवटचा असावा, असं मला मनापासून वाटतं. कोणी म्हणेल, मग देशभर एकसारखा दर्जा कसा राहणार? प्रश्न रास्त आहे. पण मुलींच्या वारसा हक्कासाठी सगळ्यांनी एकसारखेपणाची वाट पाहिली असती तर आंध्र, तामिळनाडू, महाराष्ट्रातल्या कितीतरी मुली २००५पर्यंत रिकाम्या हाताने माहेरून गेल्या असत्या.

सातबाऱ्याची प्रत परवा आली. भावाच्या नावाखाली माझं नाव लागलंय, आणि त्यात मधलं नाव बाबांचं आहे.