बेटाँगच्या लेंडीत काय सापडतं

[दृश्य: टास्मानियातलं निलगिरीचं जंगल. दाताळं पालापाचोळा बाजूला ओढतंय.]

आधी पाला बाजूला करायचा. मग वरची माती, तीही अलगद. जोर लावला की गोळा फुटतो.

हा मिळाला! ट्रफल. झाडांच्या मुळांशी नातं जोडून राहणाऱ्या बुरशीचं जमिनीखालचं फळ. याचं नाव मेसोफेलिया. महागड्या हॉटेलांत याला कुणी विचारत नाही, आणि जंगलाचं याच्यावाचून किती अडतं, हेही फारसं कुणी विचारत नाही.

[दृश्य: सुरीने कापलेलं ट्रफल, जवळून.]

बाहेर कडक कवच. आत भुकटी, म्हणजे बीजाणू. मधोमध घट्ट गर. छत्रीवाल्या अळंबीचे बीजाणू वाऱ्यावर जातात. या बंद डबीला मात्र कुणीतरी उकरून फोडावं लागतं. म्हणून पिकलं की ते वास सोडतं.

[दृश्य: रात्रीचा कॅमेरा.]

आला! बेटाँग, सशाएवढा पिशवीवाला प्राणी. तो कवच फोडतो, गर खातो, आणि भुकटी आपसूक पोटात जाते.

[दृश्य: लेंडी, मग सूक्ष्मदर्शकाखालची काच.]

संशोधकांचं खरं काम इथे सुरू होतं. लेंडी पाण्यात विरघळवायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि बघत बसायचं. कुणी गुळगुळीत, कुणी काटेरी, कुणी जाळीदार. आकारावरून गट ओळखता येतो, पुढचं डीएनए सांगतो. ऑस्ट्रेलियात ट्रफलसारख्या बुरशींच्या हजारावर जाती असाव्यात असा अंदाज आहे. बऱ्याच जातींचं अजून बारसंही झालेलं नाही.

पण पोटातून गेलेले बीजाणू जगतात का? बेटाँगचा नातेवाईक असलेल्या पोटोरूची विष्ठा निलगिरीच्या रोपांना देऊन पाहिली गेली. १९९२ साली निष्कर्ष छापून आले: रोपांच्या मुळांवर बुरशी धरली होती.

या मुळांच्या नात्याला ‘मायकोरायझा’ हे नाव १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रांक यांनी दिलं. प्रशियात ट्रफलची शेती करता येईल का, एवढंच शोधायचं काम त्यांच्याकडे होतं! बुरशी मातीतलं पाणी आणि फॉस्फरस मुळांपर्यंत आणते, झाड तिला साखर देतं.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा बेटाँग गेल्या शतकात नाहीसा झाला. कोल्हे, मांजरं आणि जंगलतोड, कारणं नेहमीचीच. आता टास्मानियातून आणलेले बेटाँग कॅनबेराजवळच्या कुंपणबंद मलिगन्स फ्लॅट अभयारण्यात पुन्हा माती उकरतायत.