लायसँडरची शिडी

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला विषय दिला 'वॉरबर्डचं फिनिशिंग', म्हणजे लढाऊ विमानाच्या मॉडेलचं रंगकाम, आणि फोनवर बजावलंही, की कुठला थिनर, कितीचा वॉटर पेपर एवढंच सांगा, इतिहासात शिरू नका. मी हो म्हणालो. पण इतिहास बाजूला ठेवून मी एकदा फिनिशिंग करून बघितलंय, त्यामुळे आज थोडा शब्द मोडणार आहे.

टेबलावर आहे ते वेस्टलँड लायसँडर विमानाचं मॉडेल, खऱ्याच्या सहाव्या हिश्श्यात. खऱ्याचा पंखपसारा ५० फूट, याचा १०० इंच. ज्या टेडी पेटर नावाच्या डिझायनरच्या हाताखाली हे गुबगुबीत, बूट घातलेल्या बगळ्यासारखं विमान १९३६ साली पहिल्यांदा उडालं, त्याच माणसाने पुढे नॅट बनवलं, आपल्या हवाई दलाचं, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतलं नॅट. दोन्ही शेजारी ठेवली तर बाप एकच, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

या विमानाच्या डाव्या कुशीवर, मागच्या माणसाच्या जागेखाली बोट फिरवा. तीन-चार ठिकाणी बारीक उंचवटे लागतील. तिथे शिडी होती. पितळी नळी वाकवून, जोड झाळून, दोन रात्री खपून मी ती केली होती, कारण किटच्या नकाशात ती होती आणि दिसायला झकास होती. पहिल्या दिवशी मैदानावर नेलं. हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे येतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, विमानाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "काय रे, फ्रान्सला निघालंय का हे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कान तापले. ती शिडी युरोपातल्या लायसँडरची. ब्रिटिशांचे हेर रात्री जर्मनव्याप्त फ्रान्सच्या शेतात उतरवायचे, तिथले उचलायचे, सगळं काही मिनिटांत. म्हणून कुशीला कायमची शिडी, पोटाखाली जादा इंधनाची टाकी आणि काळा रंग. आणि माझ्या विमानावर? हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे, चाकांच्या बुटांना, म्हणजे चाकांवरच्या आवरणांना, फुटलेले छोटे पंख आणि त्यांखाली बॉम्ब. म्हणजे बर्मा, १९४२. वर हेरांची शिडी. लग्नाच्या पंगतीत शिरखुर्मा वाढावा तसं. पदार्थ उत्तम, पण पंगत चुकली.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. रंगाचा डबा उघडायच्या आधी एका कागदावर मी तारीख लिहितो. 'दुसरं महायुद्ध' ही तारीख नव्हे. 'फेब्रुवारी १९४२, तौंगू, बर्मा' ही तारीख. ती लिहिली की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

आता ही तारीख का, तर त्यात आपली मुंबई आहे. भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी, नंबर १ स्क्वॉड्रन, १९३३ साली कराचीला चार वापिती विमानांवर सुरू झाली. १९४१ मध्ये तिला लायसँडर मिळाली ती मुंबईकरांनी युद्धनिधीत घातलेल्या पैशांतून. मुंबईचे गव्हर्नर रॉजर लमली पेशावरला जाऊन ती तुकडीच्या हवाली करून आले. दोन-तीन महिन्यांत हीच विमानं बर्मात होती. तुकडीचे प्रमुख होते करुण कृष्ण मजुमदार, सगळे त्यांना 'जम्बो' म्हणत. टेहळणीसाठी बनवलेलं हे संथ विमान. त्याच्या बुटांवर त्यांनी २५० पौंडांचे बॉम्ब टांगले आणि सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, हद्दीतल्या जपानी विमानतळावर टाकून आले. म्हणून या मॉडेलला बॉम्ब आहेत आणि शिडी नाही.

तारखेचा पहिला हिशेब गोलाचा. विमानावरची ती रंगीत वर्तुळं. पुढे या भागातल्या विमानांच्या गोलातून लाल रंग काढून टाकला, कारण जपानी विमानावरही लाल सूर्य आणि घाईत गोळी चालवणाऱ्याला तेवढंच दिसायचं. मग उरले गडद निळा आणि फिकट निळा किंवा पांढरा. बर्मा म्हटलं की बहुतेक जण डोळे मिटून तेच निळे गोल लावतात. पण फेब्रुवारी १९४२ मध्ये लाल अजून होता. कुशीवर लाल, पांढरा, निळा आणि बाहेर पिवळं कडं, व्यासांचं प्रमाण १:३:५:७. समजा पिवळं १४ सेंटिमीटर घेतलं, तर निळं १०, पांढरं ६, लाल २. पंखाच्या वरच्या बाजूला फक्त लाल आणि निळा, २:५. शेपटीवरच्या तीन पट्ट्यांत लाल नेहमी नाकाकडे. मी उलटे लावलेलं मॉडेल स्पर्धेत बघितलंय, आणि त्यावर रिव्हेट इतके सुरेख होते की वाईट वाटलं.

फोटोंनी फसू नका. जुन्या कृष्णधवल फोटोंत कधी पिवळं कडं दिसतच नाही, कॅमोफ्लाजमध्ये विरघळून जातं. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे, त्यामुळे तिच्यावर लाल-पिवळे काळपट येतात आणि निळा मात्र फिका. कडं नाही असं ठरवण्याआधी त्याच फोटोत निळा किती फिका आलाय ते बघा. आणि संग्रहालयातल्या विमानावरचा रंग हा पुरावा धरू नका. पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात लायसँडर आहे, जरूर बघा, मापं-आकार मनात भरून घ्या. पण संग्रहालयातलं कुठलंही विमान मधल्या काळात पुन्हा रंगवलेलं असू शकतं.

इंजिनाचंही तसंच. मार्क २ लायसँडरला ब्रिस्टल पर्सियस इंजिन. नऊ सिलिंडर, पण स्लीव्ह व्हॉल्व्हचं, म्हणजे सिलिंडरबाहेर दिसणाऱ्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, पुशरॉड, नाहीतच. दिखाऊ इंजिन करताना हौसेने प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन तारा लावू नका. काम कमी झालं म्हणून आनंद माना. काऊलच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, पुढची कडा म्हणजे एक्झॉस्टची रिंग. तिला चंदेरी रंग देतात ते चूक. तापून तपकिरी, कुठे जांभळट, तव्याच्या कडेसारखी ती दिसते. मी तपकिरीवर काळ्या पावडरचा हलका हात दिलाय.

आता ज्यासाठी तुम्ही आलात तिकडे येतो. रंग खरवडलेला दाखवणं, चिपिंग. हल्ली सगळ्यांना याचं वेड लागलंय. चंदेरी रंग मारायचा, वरून पाणी शिंपडून जाडं मीठ भुरभुरायचं, त्यावर हिरवा, मग मीठ झटकायचं. खाली चंदेरी उघडं पडतं. सुंदर दिसतं. पण थांबा, या विमानाचं काय काय धातूचं आहे? पुढचा भाग पत्र्याच्या पॅनेलचा. मागचा धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा. पंखही बहुतांश कापडाचे. कापडाला पत्रा कसा उघडा पडेल? तिथे रंग झिजतो, फिकटतो, धूळ खातो, ठिगळं लागतात. मीठ वापरायचं तर कॉकपिटजवळ, जिथे माणसं पाय देऊन चढतात तिथे, आणि पुढच्या पॅनेलच्या कडांना. तेही ताटात वाढतो तेवढंच.

कापडावर दाखवायची गोष्ट म्हणजे रिबवरच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांवरच्या, पट्ट्या. खऱ्या विमानात कापड रिबला दोऱ्याने शिवतात, वरून दातेरी कडेची पट्टी डोपने, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लॅकरने, चिकटवतात. इथे आपले लोक शिंप्याची दातेरी कात्री घेतात. त्या कात्रीचा दात चार-पाच मिलिमीटरचा. सहाव्या हिश्श्यातून उलटा गुणा, म्हणजे खऱ्या विमानावर इंचभराचा दात झाला, करवतीसारखा! मी ती कात्री एकदा वापरली आणि ठेवून दिली. आता सरळ कडेची पातळ पट्टी लावतो, वीत-दोन वितीवरून दात आहेत की नाहीत ते कळत नाही. शिवणीच्या गाठी मात्र दिसतात. त्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये फेव्हिकॉल भरून, सुई बोथट करून, थेंब थेंब. एका पंखाला एक क्रिकेट सामना लागतो, वन-डे.

आणि हे सगळं करताना वजनकाटा शेजारी हवा. स्वयंपाकघरातला चालेल, फक्त घरच्यांना विचारून न्या. रेडिओवर उडणाऱ्या विमानाला नुसतं दिसून भागत नाही, संध्याकाळी त्याला हवेत जायचंय. याचं नाक आखूड, शेपूट लांब. गुरुत्वमध्यापासून शेपूट नाकाच्या तिप्पट अंतरावर असेल, तर शेपटीवरच्या एका ग्रॅम रंगासाठी नाकात तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. पहिल्या लायसँडरच्या शेपटीवर मी पुट्टी आणि प्रायमरचे थर चढवत गेलो, आरशासारखी गुळगुळीत केली. मग समतोल बघितला तर नाकात पाऊण पाव शिसं. उडालं, पण पोतं उडाल्यासारखं. आता शेपटीवरचा प्रायमर चारशेच्या वॉटर पेपरने जवळजवळ सगळा घासून काढतो. नसांत उरेल तेवढाच ठेवतो. तिथे सहाशेच्या पुढे जाण्यात अर्थ नाही, वरून मॅटच मारायचाय.

डोपबद्दल एकच. पावसाळ्यात मारू नका. जुलैत हवा इतकी दमट असते की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर पाणी धरतं आणि अख्खा पंख ताक सांडल्यासारखा पांढरा होतो. अगदीच नड असेल तर सावकाश उडणारा थिनर घाला आणि दुपारी मारा. मी तर गणपती होईपर्यंत लाकूडकामच करतो.

रंग मी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून शेड जुळवून आणतो आणि त्यात थोडा पांढरा टाकतो. लांबचा डोंगर निळसर-फिका दिसतो तसंच लहान मॉडेलचं आहे. खऱ्या विमानाचा गडद हिरवा जसाच्या तसा मारला तर मॉडेल काळं दिसतं. मेथनॉलवर चालणारं ग्लो इंजिन असेल तर शेवटी टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा, मॅट क्लिअर हवाच, नाहीतर मेथनॉल रंग पुसून नेईल. पातळ मारा, तोही वजनकाट्यावर चढतो.

दोन रंगांच्या सीमेसाठी टेप चिकटवू नका. फवाऱ्याची सीमा खऱ्यावर इंच-दोन इंच मऊ असते, आपल्याकडे चार ते आठ मिलिमीटर. कागद पृष्ठभागापासून थोडा उचलून धरायचा म्हणजे ती येते. कागदाखाली ठेवायला मी पहिल्यांदा कणकेच्या वळकट्या वापरल्या. रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी मुंग्यांची रांग डाव्या पंखावरून उजव्या पंखावर, आणि काही मुंग्या आजही क्लिअरखाली आहेत. आता मुलांची क्ले वापरतो.

गोलांचे मास्क कापायला मी कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "नाव काय टाकू? आई-बाबांचा आशीर्वाद?" मी वर्तुळांची फाइल दिली. त्याने दहा मिनिटांत इतकी स्वच्छ कापली की कंपासने केलेली माझी जुनी सगळी फेकून दिली. फक्त स्टिकर ताज्या रंगावर चिकटवू नका. रंग दोन दिवस वाळू द्या, स्टिकरचा गोंद आधी पॅन्टवर दोनदा चिकटवून मारून घ्या, आणि काढताना वर नव्हे, मागे दुमडून काढा.

शेवटी काच. लायसँडरला काच भरपूर, हरितगृहच म्हणा. ती सुपरग्लूने कधी चिकटवू नका. मी एका स्पर्धेच्या आदल्या रात्री अकरा वाजता चिकटवली. वाफ आत कोंडली आणि सकाळी वैमानिक धुक्यात बसलेला. परीक्षकांनी विचारलं, हवामान मुद्दाम दाखवलंय का? पांढरा गोंद वापरा, वाळला की पारदर्शक होतो, आणि रात्रभर वेळ द्या.

बंदुका, अँटेनाचा खांब, बॉम्ब हे सगळं छोट्या चुंबकांवर बसवलंय. गाडीत तुटतं ते हेच. अँटेनाची तार म्हणजे शिवणाचा इलॅस्टिक दोरा आहे, कोणाचा हात लागला तरी ताणते.

आता जवळ येऊन बघा. शंका तिथेच विचारा. फक्त डाव्या चाकाच्या बुटाला हात लावू नका, बॉम्बचा पंख आज सकाळीच रंगवलाय, अजून ओला आहे. आणि उचलायचं झालंच तर शेपटीकडून नको.