कमरेला बांधलेला कान

(पडदा काळा. फक्त वारा. हळूहळू एक ओसाड, खडकाळ ग्रह दिसू लागतो.)

या ग्रहाचं नाव वाम्पा. पोट भरायचं तर महाकाय किडे मारून खायचे, दुसरं काही नाही. इथे एक मुलगा लहानाचा मोठा झाला. त्याचं नाव ब्रोली. उघडं, पिळदार अंग आणि कमरेला गुंडाळलेली हिरवी, केसाळ कातडी.

चित्रपट पहिल्यांदा बघताना त्या कातडीकडे आपलं लक्षच जात नाही. रानटी योद्ध्याचा पोशाख असेल, एवढंच वाटतं. मीही तसंच समजून पुढे गेलो होतो. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा मात्र ती कातडी दिसली की पोटात कालवायला लागलं.

(शीर्षक पडद्यावर.)

‘ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली’ जपानमध्ये १४ डिसेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ ही जपानी ॲनिमेशन मालिका त्याच वर्षी मार्चमध्ये १३१ भागांनंतर संपली होती, आणि ती जिथे थांबली तिथूनच हा चित्रपट पुढे जातो. दिग्दर्शक तात्सुया नागामिने, निर्मिती तोएई ॲनिमेशनची, कथा-पटकथा ड्रॅगन बॉलचे जनक आकिरा तोरियामा यांची. ड्रॅगन बॉलचा हा विसावा चित्रपट.

(जुनी चित्रकथा. शेपूट असलेला, हातात काठी घेतलेला छोटा गोकू.)

ड्रॅगन बॉलचा नायक गोकू. त्याचं मूळ फार जुनं आहे. सातव्या शतकात एक चिनी भिक्खू ग्रंथ मिळवायला भारतात आला. शाळेच्या इतिहासात आपण त्याला युआन श्वांग म्हणून वाचलंय. त्याच्या प्रवासाभोवती शतकानुशतकं दंतकथा जमत गेल्या आणि सोळाव्या शतकात त्यांची मोठी चिनी कादंबरी झाली. भिक्खूचा रक्षक म्हणून त्या कादंबरीत एक खोडकर, महाबली वानर आहे, सुन वुकोंग. त्याच नावाचा जपानी उच्चार सोन गोकू. जादूची काठी, ढगावर बसून उडणं, शेपूट, सगळं तिथून आलेलं. तोरियामांनी १९८४ मध्ये साप्ताहिकात चित्रकथा सुरू केली तेव्हा भिक्खूच्या जागी बुल्मा नावाची एक हुशार मुलगी आली, आणि ग्रंथांच्या जागी सात गोळे. सातही जमले की ड्रॅगन प्रकट होतो आणि इच्छा पुरी करतो.

तोच भिक्खू आपल्याकडेही येऊन गेला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय, की ते उपकार विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत, आणि अडचणीतला कुणी मदत मागायला आला तर स्वतःला विसरून धावतात. यातलं शेवटचं वाक्य लक्षात असू द्या.

(१९९३ चा ब्रोली. पांढरे डोळे, किंचाळणारा चेहरा.)

ब्रोली हे पात्र २०१८ मध्ये नव्याने जन्मलं नाही. १९९३ च्या एका चित्रपटात तो आधीच येऊन गेला होता. चाहत्यांमध्ये प्रचंड लोकप्रिय, पण माणूस म्हणून अगदी पोकळ. पाळण्यात असताना शेजारचा काकारोट, म्हणजे तान्हा गोकू, रडून रडून त्याला छळायचा, आणि त्या रागापायी हा मोठेपणी जग जाळत सुटतो. वैराचं कारण एवढंच! तोरियामांनी तेव्हा फक्त पात्राचं रेखाटन करून दिलं होतं, कथा त्यांची नव्हती. ब्रोलीला आपण जवळपास विसरूनच गेलो होतो, हे त्यांनीच सांगितलंय. संपादकाने आठवण करून दिली, त्यांनी जुना चित्रपट बघितला आणि पात्र पुन्हा हातात घेतलं.

(राजाचा महाल. पाळण्यांची रांग.)

नव्या कथेत तीन बाप आहेत. राजा व्हेजिटाला दिसतं, की एका सैनिकाच्या तान्ह्या मुलाची ताकद आपल्या राजपुत्रापेक्षा जास्त आहे. तो त्या बाळाला वाम्पावर धाडून देतो. दुसरा बाप बार्डॉक. ग्रहावर संकट येणार, अशी त्याला शंका येते, म्हणून तो आपल्या काकारोटला पृथ्वीकडे पाठवतो. काळजावर दगड ठेवून. बार्डॉकचा आवाज मासाको नोझावा यांचा. १९८६ पासून गोकूचा आवाजही त्यांचाच. हा चित्रपट आला तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या.

तिसरा बाप पॅरागस, ब्रोलीचा. पोराला सोडवायला हा यान चोरून वाम्पावर जातो. इथवर त्याच्यासारखा बाप नाही. पण यान मोडतं, परतीची वाट बंद होते, आणि वर्षामागून वर्षं राजावरच्या सुडाचा विचार करता करता त्याच्या लेखी पोरगा हत्यार होऊन बसतो. तो ब्रोलीच्या गळ्यात एक पट्टा अडकवतो. बटण दाबलं की विजेचा झटका.

(यानातला एक कोपरा. तिघं जण बसलेले.)

आता तो प्रसंग. फ्रीझा हा विश्वातला क्रूर सम्राट. त्याच्या सैन्यातले दोन साधे शिपाई, चीलाई आणि लेमो, या बापलेकांना वाम्पावरून उचलून आणतात. यानात तिघं एका कोपऱ्यात बसतात. ब्रोलीला बोलायची सवयच नाही, तो अडखळत सांगतो. वाम्पावर एक भलंमोठं जनावर होतं. बाप त्याला त्या जनावराचे हल्ले चुकवायला लावायचा. रोज चुकवता चुकवता दोघांची गट्टी जमली. ब्रोलीने त्याचं नाव ठेवलं ‘बा’. बापाला वाटलं, मैत्री झाली तर सराव कसला? त्याने गोळी झाडली आणि बाचा कान तुटला. त्यानंतर बा पुन्हा कधी मित्र झाला नाही.

कमरेची ती हिरवी कातडी म्हणजे बाचा कान.

गळ्यातला पट्टा बापाने घातलेला आणि कमरेचा कान त्याने स्वतः जपलेला. चीलाई हातचलाखीने बापाच्या खिशातून पट्ट्याचं यंत्र उडवते आणि फोडून टाकते. एवढ्या मोठ्या युद्धपटातली मला सगळ्यात शूर वाटलेली गोष्ट हीच आहे.

(कोरा कागद. पेन्सिलची एक रेष.)

मग पृथ्वीवर लढाई. एका बाजूला ब्रोली, दुसऱ्या बाजूला गोकू आणि राजाचा तो राजपुत्र, त्याचंही नाव व्हेजिटाच. ती अशी दिसते त्याला कारण आहे. २०१५ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा काही भागांतली चित्रं इतकी कच्ची होती की चाहते हळहळले. आठवड्याला एक भाग द्यायचा म्हणजे हातांना उसंत कुठली? चित्रपटासाठी पात्रांची रेखाटनं नव्याने करायचं ठरलं. निवड चाचणीतून काम मिळालं नाओहिरो शिंतानी यांना. त्यांनी रेषा कमी केल्या. धारदार सावल्या, चकाकणारे स्नायू, केसांतले कोपरे, सगळं मऊ केलं, तोरियामांच्या जुन्या हाताजवळ नेलं.

यात काय मोठंसं, असं वाटेल. हिशोब करू. सेकंदाला १२ चित्रं धरली तर मिनिटाला ७२० होतात. एका आकृतीतून नुसत्या २० रेषा वगळल्या, तरी मिनिटामागे १४,४०० रेषा वाचतात. त्या वाचलेल्या कष्टातून चित्रकाराला अंग वळवता येतं, पाय घसरवता येतो, बुक्की बसल्यावर आख्खं शरीर कसं हेलपाटतं ते दाखवता येतं. बर्फावरच्या लढाईत मध्येच कॅमेरा ब्रोलीच्या डोळ्यांत शिरतो आणि त्याच्या मुठी आपल्याच असल्यासारख्या समोर येतात. आखाड्यात नवखा पैलवान समोरच्याचा डाव खाऊन तोच डाव शिकतो, तसा ब्रोली मार खाता खाता शिकत जातो.

मग फ्रीझा पॅरागसला मारतो आणि मुलाला भासवतो, की बाप लढाईच्या तडाख्यात सापडला. ज्या बापाने पट्टा घातला, त्याच्यासाठी ब्रोली आकांत करतो. ती किंकाळी ऐकताना लढाईतलं कौतुक क्षणभर विसरायला होतं.

शेवटी गोकू आणि व्हेजिटा एकरूप होऊन गोगेटा बनतात. दोनदा एकरूप व्हायची मुद्रा चुकते, दर वेळी अर्धा तास फुकट, आणि तेवढा वेळ फ्रीझा एकटा मार खातो. मग तिसऱ्यांदा जमतं. ब्रोली हरतो, आणि गोगेटाचा ऊर्जेचा अखेरचा झोत त्याच्याकडे निघतो.

(सात गोळे. त्यांच्याजवळ चीलाई आणि लेमो.)

हे गोळे जमवायचे होते कशासाठी? फ्रीझाला पाच सेंटीमीटर उंची हवी होती. बुल्माला पाच वर्षांनी तरुण दिसायचं होतं. चीलाई धापा टाकत तिथे पोचते आणि ड्रॅगनकडे एकच मागते, ब्रोलीला वाम्पावर परत ने. झोत येतो तेव्हा ती जागा रिकामी असते.

(पुन्हा वाम्पा. तोच वारा.)

आता तिथे तिघं आहेत. चीलाई आणि लेमो किड्याचा पाय चावून बघतात, घशाखाली उतरत नाही. तेवढ्यात समोर गोकू उभा. ज्याने काही वेळापूर्वी त्याला जमिनीवर आपटलं होतं, त्याच्यासाठी हा घर आणि शिधा घेऊन आलाय. पुन्हा कधीतरी लढू, म्हणतो. चीलाई विचारते, तू आहेस तरी कोण?

सोन गोकू, तो सांगतो. आणि काकारोटसुद्धा.

ब्रोली ऐकत उभा असतो. गळा मोकळा. कमरेला कान.