पहिले मिनिट सरल्यानंतर: टॉर्च, फॅक्टोरिओ आणि लॅपटॉप

नमस्कार. माझ्या हातात हा जो खिशात मावणारा टॉर्च आहे, त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ५००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) असे छापलेले आहे. हा आकडा खोटा नाही. तरीही केवळ तो पाहून टॉर्च घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचा हिशेब कारखाने उभारण्याच्या खेळांत आणि आपण वापरतो त्या लॅपटॉपमध्येही लागू पडतो, म्हणून आज तो आपण आकड्यांनिशी करू.

[पडद्यावर: टॉर्च आणि १८६५० सेल शेजारी शेजारी]

चांगल्या टॉर्चमध्ये एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन प्रकाश मिळतो. म्हणजे ५००० ल्युमेनसाठी ५० वॅट लागतात, आणि त्यांपैकी ढोबळमानाने दोन-तृतीयांश वीज उष्णतेत जाते. टॉर्चचे ॲल्युमिनियमचे अंग १०० ग्रॅमचे धरले, तर ते एक अंश तापायला ९० ज्यूल लागतात, आणि इथे तर दर सेकंदाला ३३ ज्यूल उष्णता त्यात ओतली जात आहे. ३० अंशांवर असलेला टॉर्च ४५ अंशांवर पोहोचायला त्या हिशेबाने सुमारे ४० सेकंद लागतात. त्यापुढे तो हातात धरवत नाही, म्हणून आतला नियंत्रक विजेचा प्रवाह कमी करतो आणि प्रकाश उतरू लागतो.

याचा अर्थ असा, की पहिल्या ४० सेकंदांत टॉर्च उष्णता बाहेर टाकत नसतो, तर ती स्वतःच्या धातूत साठवत असतो. साठवण्याची जागा संपली, की जेवढी उष्णता हवेत आणि तळहातात जाऊ शकते तेवढाच प्रकाश टिकतो. मला टॉर्चबद्दल खरोखर जाणून घ्यायचे असते ते हेच. एएनएसआय एफएल १ हे टॉर्चच्या मोजमापाचे अमेरिकी मानक २००९ साली आले. त्यानुसार ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या अवधीत, आणि टॉर्च किती वेळ चालतो ते मोजतात प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणून ‘१००० ल्युमेन, ३ तास’ असे वाचल्यावर तीन तास १००० ल्युमेन मिळतील असे समजू नये. टॉर्चमध्ये घालतात त्या ३००० एमएएचच्या १८६५० या रिचार्जेबल सेलमध्ये सुमारे १०.८ वॅट-तास ऊर्जा असते. १००० ल्युमेनला १० वॅट लागतात, तेव्हा पूर्ण प्रकाशाचा काळ जेमतेम एक तास. उरलेले दोन तास मंद प्रकाशाचे असतात, आणि प्रकाश हळूहळू उतरत गेला की डोळ्यांना ते जाणवतही नाही.

आता आपल्या हवामानाकडे वळू. वस्तूपासून हवेत जाणारी उष्णता साधारणपणे दोन्हींच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. मर्यादा ४५ अंशांची आणि खोली २५ अंशांची असेल, तर फरक २० अंशांचा. मे महिन्यातल्या संध्याकाळी ऐरोलीच्या खाडीकडच्या रस्त्याने तुम्ही चालत असाल आणि हवा ३३ अंशांची असेल, तर तो फरक १२ अंशांवर येतो. तोच टॉर्च, तोच सेल, तीच सेटिंग, आणि बाहेर टाकता येणारी उष्णता मात्र ६० टक्केच. खाडीवरून वारा असेल तर परिस्थिती पुष्कळ सुधारते. आपल्याकडे वापरायचा टॉर्च थंड देशात, हिवाळ्यात केलेल्या चाचणीच्या आलेखावरून निवडताना हा फरक ध्यानात घ्यावाच लागतो.

हे नियंत्रण सांभाळणारा संगणक किती लहान असतो, हे मला इथे आवर्जून सांगावेसे वाटते. अँडुरिल या ओपन सोर्स फर्मवेअरवर, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या प्रोग्रामवर, चालणाऱ्या अनेक टॉर्चमध्ये एटीटायनी ८५ ही चिप असे. तिच्यात प्रोग्रामसाठी ८ किलोबाइट आणि रॅम म्हणून फक्त ५१२ बाइट एवढीच जागा आहे. तेवढ्यात बटणाच्या दाबांचा अर्थ लावणे, सेलचे व्होल्टेज मोजणे आणि तापमान पाहून प्रकाश हलकेच खाली आणणे ही सगळी कामे चालतात. तापमानाची मर्यादा वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येते. इतक्या कमी साधनांत इतक्या विचारपूर्वक लिहिलेला प्रोग्राम पाहिला की मला मनापासून आदर वाटतो.

[पडद्यावर: फॅक्टोरिओमधील भट्ट्यांची रांग]

साठ्यावर मिळणारा वेग आणि प्रवाहावर टिकणारा वेग यांतला हा फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो फॅक्टोरिओ या कारखाने उभारण्याच्या खेळात. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरने केलेल्या या खेळाची १.० आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली. यात माल वाहून नेणारा पिवळा सरकता पट्टा सेकंदाला १५ वस्तू वाहतो. दगडी भट्टीला लोखंडाची एक पाटी (प्लेट) करायला ३.२ सेकंद लागतात, म्हणून ४८ भट्ट्यांनी एक पट्टा पूर्ण भरतो. एकोणपन्नासावी भट्टी लावली तरी पट्टा सेकंदाला १६ वस्तू नेत नाही.

पण नवा खेळाडू फसतो तो इथे नाही. तो फसतो पेटीमुळे. मध्ये एखादी पेटी ठेवून तिच्यात पाट्या साठू दिल्या, तर पुढची यंत्रे बराच वेळ पूर्ण वेगाने चालतात आणि कारखान्याची रचना बरोबर आहे असे वाटत राहते. प्रत्यक्षात खाणीतून येणारे लोखंड कमी पडत असते. पेटी रिकामी झाली की यंत्रे थबकू लागतात, आणि तोपर्यंत खेळाडूने त्या खोट्या वेगाच्या भरवशावर पुढे आणखी चार विभाग उभे केलेले असतात. म्हणून नवी मांडणी तपासताना सगळ्या पेट्या रिकाम्या करून, पट्ट्यांवरचा माल संपू देऊन मगच वेग मोजावा, असा माझा आग्रह असतो.

खेळातल्या विजेचेही तसेच. सौर पटल उन्हात ६० किलोवॅट देते, पण रात्र धरून सरासरी ४२ किलोवॅटच. ज्याने ६० धरून आखणी केली, त्याच्या कारखान्यात पहिल्या रात्री अंधार होतो. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात तर संकट आणखी गडद होते: वीज कमी पडली की विजेवरची खाणयंत्रे मंदावतात, कोळसा कमी येतो, आणि त्यामुळे वीज आणखी घटते. बॉयलरला कोळसा पुरवायला स्वतःच कोळशावर चालणारे इन्सर्टर (वस्तू उचलून ठेवणारे यांत्रिक हात) लावले, की निदान तेवढा दुवा विजेवर अवलंबून राहत नाही.

आमच्या भागात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, महापे, रबाळे आणि ऐरोलीच्या पट्ट्यात, मोठमोठी डेटा सेंटर आहेत. तिथे हा विचार फार शिस्तीने केलेला असतो. यूपीएसच्या बॅटऱ्या हा साठा आहे आणि तो डिझेल जनरेटर भार उचलेपर्यंतच्या थोड्या मिनिटांसाठी असतो. सर्व्हरची उष्णता मात्र दिवसरात्र निर्माण होत असल्याने ती तितक्याच वेगाने बाहेर काढावी लागते. त्यातही खाडीकाठची दमट हवा अडचण वाढवते, कारण हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनाने मिळणारा थंडावा कमी होतो.

आपला लॅपटॉप इतका प्रामाणिक नसतो. इंटेलच्या कोअर आय५-१२३५यू या प्रोसेसरची मूळ विद्युतमर्यादा १५ वॅट आहे आणि कमाल टर्बोमर्यादा, म्हणजे थोड्या वेळापुरती वाढवलेली मर्यादा, ५५ वॅट. दुकानात अर्ध्या मिनिटाची चाचणी लावली तर दिसतो तो टर्बोचा वेग. तासभर व्हिडिओ रेंडर करताना मिळतो तो पंख्याला आणि खोलीच्या तापमानाला परवडेल तेवढा. एसएसडीचेही असेच आहे. मोठी फाइल कॉपी करताना आधी ती एका वेगवान राखीव भागात लिहिली जाते. तो भाग भरला की काही स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडींचा वेग जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर घसरतो.

मोठा कारखाना या लॅपटॉपवर चालवला, की दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळतात. फॅक्टोरिओ आपले जग सेकंदाला ६० वेळा पुढे ढकलतो, म्हणजे प्रत्येक पावलाला त्याच्या हाती सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात. प्रोसेसर तापून मंदावला आणि पावले ३० वर आली, तर खेळातला १५ वस्तूंचा पट्टा आपल्या घड्याळाच्या सेकंदाला साडेसातच वस्तू वाहतो. नुसत्या गिगाहर्ट्‌झनेही इथे भागत नाही. २०२२ साली आलेल्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरची मूळ गती त्याच्या आधीच्या भावंडापेक्षा कमी होती, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान स्मृती) ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट असल्याने या खेळात तो फार पुढे गेला. कारखाना कॅशमध्ये मावेनासा इतका वाढला, की तो फायदाही आक्रसतो.

तुमच्याकडे हा खेळ असेल तर एफ४ दाबून ‘शो टाइम युसेज’ हा पर्याय चालू करा, एसी बंद ठेवून आपला सर्वांत मोठा कारखाना अर्धा तास चालू द्या, आणि त्यानंतरच अपडेटचा, म्हणजे एका पावलाला लागणाऱ्या वेळेचा, आकडा वाचा. तो १६.७ मिलिसेकंदांच्या आत असेल, तर निर्धास्तपणे पुढची खाण उघडा. बाहेर गेला असेल, तर लॅपटॉपच्या जाळ्या साफ करून आणि त्याखाली हवा खेळेल एवढी उंची देऊन हीच चाचणी पुन्हा घ्या, आणि दोन्ही वेळचे आकडे खोलीच्या तापमानासह मला कळवा.